भ्रामक धारणा आणि पात्राचे अंतरंग

एखाद्या पात्राच्या अधःपाताचा विचार करताना मराठी समीक्षा बहुधा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते : या पात्राचा दोष कोणता? सुधाकराचे मद्यपान, ययातीची कामवासना, नाथ देवळालीकरांचा भाबडा आदर्शवाद अशी नावे एकदा दिली, की पात्राचा उलगडा झाला असे मानण्याची प्रथा आहे. पदव्युत्तर वर्गातील उत्तरपत्रिकांत ही प्रथा विशेषच रुजलेली दिसते. तेथे पात्राचे गुण आणि पात्राचे दोष यांचे दोन स्वतंत्र परिच्छेद पडतात आणि दोष हा जणू चेहऱ्यावरील तिळासारखा, जन्मतःच आलेला आणि शेवटपर्यंत तसाच राहणारा, असा वर्णिला जातो. दोष वाढतो, तो पोसला जातो, त्याला पोसण्यात पात्राला काही सुख लाभते, आणि मुख्य म्हणजे ज्याला वाचक दोष म्हणतो त्याला पात्र स्वतः सद्गुण मानत असते, या गोष्टी या पद्धतीत निसटून जातात.

या प्रथेचे मूळ काही प्रमाणात परिभाषेत आहे. ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेच्या नायकासंबंधी जो शब्द वापरला, त्याच्या मुळाशी नेम चुकण्याची कल्पना आहे. नेम चुकण्यासाठी मनुष्य दुष्ट असावा लागत नाही. लक्ष्य जेथे आहे असे त्याला वाटते तेथे ते नसते, एवढेच पुरते. मराठीत ही कल्पना रुजली ती मात्र नीतिविचाराच्या अंगाने. आगरकरांनी १८८३ मध्ये ‘हॅम्लेट’चे भाषांतर सिद्ध केले, तेव्हा त्याला ‘विकारविलसित’ हे नाव दिले. नाव अर्थपूर्ण आहे. षड्रिपूंच्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला त्यातून चटकन बोध होतो, की येथे विकार मनुष्यावर स्वार झाला आहे. पुढे ‘प्रमाद’ हा अधिक नेमका शब्द समीक्षेत आला, १९५७ मध्ये विंदा करंदीकरांच्या ‘ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ या ग्रंथाने मूळ विवेचनही मराठीत उपलब्ध करून दिले. तरीही व्यवहारात प्रमादाचा अर्थ ‘स्वभावातील उणीव’ असाच होत राहिला. विकार हा भावनेचा विषय, तर भ्रामक धारणा हा आकलनाचा. विकाराला संयमाचा उपदेश करता येतो. आपल्याला जग स्पष्ट दिसते आहे अशी ज्याची खात्री आहे, त्याला कोणता उपदेश करणार?

‘एकच प्याला’चे उदाहरण या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे. १९१९ साली रंगभूमीवर आलेले गडकऱ्यांचे हे नाटक मद्यपाननिषेधाचे नाटक म्हणून इतके गाजले, की सुधाकराचा दोष म्हणजे दारू हे समीकरण पक्के झाले. वास्तविक दारू हा परिणाम आहे. न्यायालयात अपमान होतो, सनद काही काळासाठी जाते आणि या बुद्धिमान, स्वकष्टाने वर आलेल्या वकिलाला ते सहन होत नाही. तळीराम प्याला पुढे करतो तो या जखमेवर. आपली किंमत ही लोकांच्या नजरेत असते आणि ती नजर एकदा खाली गेली की आपण उरतच नाही, ही सुधाकराची धारणा. तिला तो स्वाभिमान म्हणतो, नाटकातील सज्जनही तिला स्वाभिमानच म्हणतात, आणि म्हणूनच ती कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. दारू सोडण्याचा निश्चय करून तो कामाच्या शोधात बाहेर पडतो, जुन्या ओळखीच्या लोकांकडून झिडकारला जातो आणि पुन्हा प्याल्याकडे वळतो. या ठिकाणी निश्चय दुबळा पडला असे म्हणणे अपुरे आहे. निश्चय दारूविरुद्ध होता. धारणा अबाधित होती. नाटकाचे नावच एक भ्रामक धारणा आहे हे तर सर्वांनाच दिसते, पण त्या धारणेखाली आणखी एक धारणा दडलेली आहे, तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही.

खांडेकरांच्या ‘ययाति’मध्ये (१९५९) वेगळीच अडचण आहे. ययाती आपली कथा मागे वळून सांगतो आणि सांगताना आपल्या दोषाचे निदानही करून टाकतो. बालपणीचे प्रसंग, पित्याला मिळालेला शाप, घर सोडून गेलेला भाऊ, मृत्यूचे भय ही सारी कारणपरंपरा तो इतक्या सुसंगतपणे मांडतो, की त्याला कधी काळी भ्रम होता यावरच विश्वास बसू नये. ज्याला आपला दोष लेखकाच्या भाषेत सांगता येतो, त्याच्याजवळ दोषाची कबुली असते. दोषाचे वास्तव्य नसते. याच कादंबरीत देवयानीची निवेदने मात्र अधिक जिवंत उतरली आहेत. कारण साधे आहे : ती कबुली देत नाही. आपल्यावर अन्याय झाला आहे या समजुतीच्या आत उभी राहून ती बोलते, आणि तिच्या प्रत्येक तक्रारीतून वाचकाला तिचा अहंकार दिसतो, तिला दिसत नाही. एकाच लेखकाच्या एकाच कृतीत या दोन्ही रीती शेजारी शेजारी सापडाव्यात, हे अभ्यासकांच्या दृष्टीने भाग्यच म्हटले पाहिजे.

अलीकडे लेखनाच्या कार्यशाळांतून आणि पटकथालेखनाच्या मार्गदर्शनातून एक सूत्र प्रचलित झाले आहे. पात्राला भूतकाळात एक जखम असावी, जखमेतून एक खोटी समजूत जन्मावी, समजुतीतून दोष यावा आणि अखेरीस सत्याच्या साक्षात्काराने पात्र बदलावे अथवा नष्ट व्हावे, असा त्याचा क्रम आहे. नवोदितांना हे सूत्र उपयोगी पडते, यात शंका नाही. परंतु त्यात दोन गृहीतके दडलेली आहेत : धारणा ही त्या एकट्या व्यक्तीची खासगी मालमत्ता असते, आणि ती मोडली की गोष्ट संपते. मराठीतील एका महत्त्वाच्या नाटकाने ही दोन्ही गृहीतके खोटी ठरवली आहेत. ते नाटक म्हणजे विजय तेंडुलकरांचे ‘कन्यादान’ (१९८३).

नाथ देवळालीकर हे समाजवादी कार्यकर्ते, विधान परिषदेचे सदस्य. पत्नी सेवा तीही सामाजिक कार्यातील. मुलगी ज्योती अरुण आठवले या दलित कवीशी लग्न करण्याचा विचार घरात मांडते. सेवा आणि मुलगा जयप्रकाश व्यावहारिक शंका काढतात : ओळख किती दिवसांची, राहणार कोठे, मिळकत काय. नाथांना मात्र आनंद होतो, आणि हा आनंद हेच नाटककाराचे खरे निरीक्षण आहे. नाथ मुलीला विचारीत नाहीत असे नाही. या घरात चर्चेची लोकशाही आहे. पण जेथे एका बाजूला शंका आणि दुसऱ्या बाजूला तत्त्व उभे राहते, तेथे शंका घेणारा आपोआप तत्त्वद्रोही ठरतो आणि मतदानाची गरजच उरत नाही. जातिनिर्मूलनाची घोषणा आयुष्यभर दिली, ती आज आपल्या घरात साकार होत आहे, या भावनेत नाथ इतके गुंततात, की समोर बसलेला अरुण नावाचा मनुष्य त्यांना दिसतच नाही. त्यांना प्रयोग दिसतो.

धारणेचा विकास तेंडुलकर कसा घडवतात, हे बारकाईने पाहण्याजोगे आहे. नाथांच्या बालपणीची एकही जखम नाटकात सांगितलेली नाही. धारणा वाढते ती तिच्यासाठी मोजाव्या लागणाऱ्या किमतीतून. आरंभी ती फुकट आहे. उलट तिच्यातून प्रतिष्ठा मिळते, स्वतःविषयी धन्यता वाटते. दुसऱ्या टप्प्यावर किंमत पडते, पण ती ज्योती मोजते. मारहाणीला कंटाळून ती घरी परत येते, अरुण दारूच्या नशेत क्षमा मागत येतो आणि ती त्याच्याबरोबर परत जाते. त्यापूर्वी हा प्रयोग फसता कामा नये म्हणून नाथांनी केलेली मनधरणी ऐकताना प्रेक्षकाच्या अंगावर काटा येतो, कारण ती मनधरणी क्रौर्यातून आलेली नाही. ती खऱ्याखुऱ्या निष्ठेतून आलेली आहे. तिसऱ्या टप्प्यावर किंमत स्वतः नाथांना मोजावी लागते. अरुणाच्या आत्मचरित्रावरील चर्चेचे अध्यक्षपद त्यांना गळ घालून दिले जाते. गर्भवती मुलीला झालेली मारहाण ठाऊक असताना, तिला आणखी त्रास होऊ नये म्हणून, ते त्या पुस्तकाचा गौरव करतात. आजवर जे नाथ मनापासून बोलत होते, ते प्रथमच खोटे बोलतात. आणि विलक्षण हे, की त्यांची भाषा मात्र पूर्वीचीच आहे. खरे भाषण आणि खोटे भाषण यांत शब्दांचा फरक राहू नये, ही त्या भाषेचीच परीक्षा होय. नाथ घरातही व्यासपीठावरच्या भाषेत बोलत असत, ही प्रारंभी विनोदी वाटलेली लकब शेवटी जीवघेणी ठरते.

यानंतर ज्योती येते. नाथांची धारणा या वेळेपर्यंत मोडलेली आहे. सूत्रानुसार नाटक येथे संपावयास हवे. पण ज्योती वडिलांच्या हाती त्यांचीच शिकवण परत देते. मनुष्यातील वाईट तेवढे वेगळे काढून टाकता येते आणि चांगले तेवढे जपता येते, असे त्यांनी मुलांना शिकवले. तिला आलेला अनुभव असा, की अरुणातील पशू आणि प्रियकर एकमेकांपासून वेगळे करताच येत नाहीत. म्हणजे ती भ्रमातून बाहेर आली आहे. आणि तरीही ती अरुणाकडेच परत जाते, माहेर कायमचे तोडून. वडिलांनी दिलेली निष्ठा आता त्यांच्याहून अधिक कठोरपणे ती पाळणार आहे. बापाची मोडलेली धारणा मुलीच्या आयुष्यात शिस्त होऊन बसते. दोष हा एका व्यक्तीच्या अंतरंगातील डाग मानला तर या शेवटाचा अर्थच लागत नाही. ज्योतीचा दोष कोणता? ती सर्वांत स्पष्ट पाहणारी आहे आणि सर्वांत अधिक भोगणारीही तीच आहे.

या नाटकाविषयी तीव्र वाद झाले. त्याला १९९३ चा सरस्वती सन्मान मिळाला, तसा अरुणाच्या चित्रणावर रोषही ओढवला. हा रोष कलाबाह्य म्हणून बाजूला सारण्याची सोय समीक्षेने करून घेतली, ती योग्य नव्हती. आक्षेपाचे खरे स्थान पात्ररचनेतच आहे. नाथांच्या चुकीला अंतरंग आहे : ती का सुखावते, केव्हा ताणली जाते, कोठे तुटते हे सारे दिसते. अरुणाच्या हिंसेला मात्र केवळ इतिहास आहे. त्याने जे भोगले त्याचे दाखले तो देतो, परंतु त्याची स्वतःची भ्रामक धारणा कोणती, ज्योतीवर हात उचलताना तो स्वतःला काय सांगतो, हे नाटक आतून शोधत नाही. चूक करण्याचा अधिकार सवर्ण पात्राला आणि चुकीचे स्पष्टीकरण तेवढे दलित पात्राला, अशी ही विषम वाटणी आहे. नाथ ज्या दृष्टीने अरुणाकडे पाहतात तिचे विदारण करणारे नाटक काही अंशी त्याच दृष्टीने अरुणाकडे पाहते, असे म्हणणे भाग आहे.

येथे बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेची आठवण अपरिहार्य ठरते. रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण परक्या गावी खोली मिळवताना आपली जात लपवतो आणि ती उघड झाल्यावर मार खातो. आता येथे कोणाची धारणा भ्रामक म्हणावयाची? माणूस म्हणून आपल्याला स्वीकारले जाईल, ही त्याची आशा वस्तुस्थितीच्या कसोटीवर खोटी ठरते, पण मूल्याच्या कसोटीवर तीच एकमेव खरी गोष्ट आहे. खोटे आहे ते गाव. ‘पात्राचा दोष शोधा’ हा प्रश्न अशा कथेला विचारणे म्हणजे मार खाणाऱ्यालाच जाब विचारण्यासारखे आहे. तरीही ही कथा निव्वळ निष्पाप बळीची कथा नाही. लपवणे स्वीकारताना त्या तरुणाच्या मनात जी घालमेल होते, स्वतःच्याच नजरेत तो कसा कमी होत जातो, हे बागुल सोडून देत नाहीत. जे अंतरंग अरुणाला नाकारले गेले, ते वीस वर्षे आधी येथे लिहिले गेले होते. एका अभ्यासपत्रिकेत ही कथा आणि दुसऱ्या अभ्यासपत्रिकेत ते नाटक, अशी विभागणी बहुतेक ठिकाणी असते. त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून वाचण्याचा प्रसंग विद्यार्थ्यावर क्वचितच येतो.

आणखी एका पात्राकडे दुर्लक्ष झाले आहे. ‘कन्यादान’मधील सेवा ही पहिल्या प्रवेशापासून योग्य शंका घेणारी, म्हणून समीक्षेने तिला समंजसपणाचे प्रमाणपत्र देऊन मोकळे केले. परंतु ज्या खोट्या भाषणाने नाथ मुलीच्या नजरेतून उतरतात, त्या भाषणासाठी त्यांचे मन वळवण्यात सेवेचा वाटा आहे. मुलीला वाचवण्यासाठी एकदा खोटे बोलले तर काय बिघडले, हा तिचा व्यवहारी हिशेब. तो चुकतो. भाषण ऐकायला ज्योती सभेत बसलेली असते.