निकाल लागला, पण पीडित कुठे आहे?

२१ एप्रिल २०२५ रोजी पनवेल सत्र न्यायालयाने अश्विनी बिद्रे-गोरे खून प्रकरणात पोलीस अधिकारी अभय कुरुंदकर याला जन्मठेप सुनावली. अश्विनी बिद्रे स्वतः सहायक पोलीस निरीक्षक होत्या. ११ एप्रिल २०१६ पासून त्या बेपत्ता होत्या. अपहरणाचा गुन्हा नोंद व्हायला २०१७ साल उजाडले. त्याच वर्षी प्रजासत्ताक दिनी कुरुंदकरला राष्ट्रपती पोलीस पदक जाहीर झाले, अटक मात्र डिसेंबरमध्ये झाली. बेपत्ता झाल्यापासून निकालापर्यंत नऊ वर्षे गेली. या काळात कुटुंबाने पाठपुरावा सोडला नाही, म्हणून हा निकाल लागला.

खुद्द पोलीस खात्यातल्या महिलेच्या कुटुंबाची ही गत, तर आपल्या वस्तीतल्या नाका कामगाराने, घरकाम करणाऱ्या आईने कोणाच्या दारात उभे राहायचे?

आपल्याकडे फौजदारी खटला 'सरकार विरुद्ध आरोपी' असा चालतो. ज्याच्यावर अन्याय झाला तो फक्त साक्षीदार उरतो. खैरलांजी आपण विसरलेलो नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये आरोपींना दोषी ठरवले, पण अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली नाही. भैयालाल भोतमांगे न्यायाची वाट पाहतच जानेवारी २०१७ मध्ये गेले. त्यांच्यासाठी मोर्चे निघाले, पण खटल्यात पीडिताचा आवाज किती होता, हे आपण क्वचितच विचारले.

आता कायद्यात हा आवाज आला आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यातील कलम १५अ हे २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्यानुसार आरोपीच्या जामिनासह न्यायालयातील प्रत्येक कार्यवाहीची सूचना पीडिताला मिळाली पाहिजे आणि त्याचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे. ही सूचना देणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हरिराम भांभी प्रकरणात स्पष्ट केले. संरक्षण, प्रवासखर्च आणि सामाजिक कार्यकर्त्याची मदत घेण्याचा हक्कही याच कलमात आहे. म्हणजे आपण पीडितासोबत जातो ते मेहरबानी म्हणून नाही, कायद्यानेच तशी सोय केली आहे.

नियमांप्रमाणे तातडीची मदत सात दिवसांत मिळायला हवी. खुनाच्या प्रकरणात २०१६ च्या नियमांत ८ लाख २५ हजार रुपयांची तरतूद झाली. निम्मी रक्कम शवविच्छेदनानंतर आणि निम्मी दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर द्यायची आहे. म्हणजेच या मदतीसाठी निकालाची वाट पाहायची नसते. हे माहीत नसल्याने कितीतरी कुटुंबे 'केस संपल्यावर बघू' म्हणत बसतात.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता सर्वच पीडितांसाठी आहे. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. एफआयआरची प्रत मोफत मिळते. तपासाची प्रगती ९० दिवसांत कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. आरोपी सापडला नाही तरी कलम ३९६ खाली विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईसाठी अर्ज करता येतो. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, महिलांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा मदत क्रमांक आहे.

मग अडते कुठे? माझ्या कामात वारंवार दिसणारी गोष्ट साधी आहे, ती म्हणजे कागद. एका आईसोबत मी मदतीच्या अर्जासाठी फिरत होते. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर फक्त 'बौद्ध' होते आणि जातीचा दाखला कधी काढलेलाच नव्हता. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचे संरक्षण मिळाले, पण टेबलावर दाखला मागितला जातो. घरात मयत झालेले असताना ती बाई पणजोबांच्या नोंदी शोधत होती. दाखला हा फक्त शिष्यवृत्तीचा कागद नाही, हे त्या दिवशी मला कळले.

दुसरी अडचण अंतराची. पनवेलला प्रांत कार्यालय आणि तालुका विधी सेवा समिती आहे, पण जिल्हा पातळीचे समाजकल्याण कार्यालय अलिबागला. रोजंदारी बुडवून तिथे दोनदा जाणारा माणूस तिसऱ्यांदा जात नाही. आरोपीच्या बाजूचे लोक 'मिटवून टाका' म्हणत घरी येतात, ते नेमके तेव्हाच.

मित्रहो, घटना घडली की आपण निवेदन देतो, फोटो येतो, आठवड्याने गर्दी पांगते. निवेदन हवेच. पण पीडिताला गर्दीपेक्षा पुढची दोन-तीन वर्षे सोबत येणारा एक माणूस जास्त हवा असतो. बाबासाहेबांनी दिलेला 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हा मंत्र इथे अगदी व्यवहाराचा आहे.

प्रत्येक बुद्धविहारातून दोन तरुण, त्यातली एक मुलगी, या कामासाठी तयार व्हावेत. एफआयआरची प्रत ताब्यात घेणे, तारखांची वही ठेवणे, प्रांत कार्यालयात मदतीचा अर्ज देऊन पोच घेणे, विधी सेवा समितीकडून वकील मिळवणे आणि जामिनाच्या तारखेला पीडिताच्या शेजारी उभे राहणे, एवढेच त्यांनी करायचे. आणि या वर्षावासात विहारात एक रविवार ठेवून वस्तीतल्या प्रत्येक घराचा जातीचा दाखला आहे का, हे तपासून घ्यावे. अत्याचार सांगून येत नाही. कागद मात्र आधी तयार ठेवता येतो.

करुणा म्हणजे हळहळ नव्हे. तारखेला सोबत जाणे, हीसुद्धा करुणाच आहे.