घोडे कोठे पेंड खाते?

आमच्या वसतिगृहात यंदा एक नवेच वेड शिरले आहे. ज्याच्याजवळ खेळ खेळण्याजोगा संगणक आहे तो प्रत्येकजण 'प्रोसेसर बदलायचा आहे' असे म्हणतो. का बदलायचा, असे विचारले की उत्तर ठरलेले : नवा निघाला आहे आणि तो जुन्याहून वेगवान आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण तेवढ्यावरून विद्यार्थ्याने दहा-पंधरा हजार रुपये मोजावेत काय? माझे स्पष्ट मत असे की, एक साधी परीक्षा घेतल्यावाचून मुळीच मोजू नयेत.

हे मत मी घरबसल्या बनवलेले नाही. सुट्टीत शिकवण्या करून जमवलेले पैसे खिशात घालून मीही दुकानाच्या पायरीपर्यंत गेलो होतो. माझा संगणक २०१९ सालचा. त्यात रायझन ५ २६०० हा सहा कोअरचा प्रोसेसर आणि जीटीएक्स १६६० हे ग्राफिक्स कार्ड आहे. २०२० साली निघालेला 'सायबरपंक २०७७' हा खेळ त्यावर अडखळत चाले. दोष प्रोसेसरचाच, असे मी गृहीत धरले होते.

वास्तविक पडद्यावरचे प्रत्येक चित्र दोघांच्या हातून जाते. कोण कोठे उभा आहे, गोळी कोणाला लागली, हा हिशेब प्रोसेसर करतो. त्या हिशेबावरून चित्र रंगवते ते ग्राफिक्स कार्ड. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर एका चित्राच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात. दोघांपैकी जो मागे पडेल त्याच्यासाठी दुसऱ्याला थांबावे लागते. तेव्हा नवा प्रोसेसर किती वेगवान आहे, हा प्रश्नच नव्हे. आपल्या संगणकात घोडे कोठे पेंड खाते, हा प्रश्न आहे.

तो सोडवायला पाच मिनिटे पुरतात. खेळाचे रिझोल्यूशन १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणावे. रंगवायचे ठिपके निम्म्याहून कमी होतात. प्रोसेसरचा हिशेब मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. चित्रांची संख्या चांगली वाढली तर कार्ड दमले होते असे समजावे. फारशी हलली नाही तर प्रोसेसर. माझ्याकडे ती वाढली! म्हणजे नवा प्रोसेसर आणून मी त्याला कार्डाची वाट पाहत बसवणार होतो. मग सावल्यांचा दर्जा थोडा उतरवला आणि खेळ सुरळीत चालू लागला. खर्च शून्य.

माझ्या खोलीतील मित्राची गोष्ट नेमकी उलट. तो 'व्हॅलोरंट' खेळतो आणि त्याचा पडदा १४४ हर्ट्झचा आहे. रिझोल्यूशन उतरवूनही त्याची चित्रसंख्या जागची हलेना. त्याच्या मदरबोर्डाचे सॉकेट एएम४ असल्यामुळे बायोस अद्ययावत करून २०२२ सालचा रायझन ५ ५६०० त्यावर बसला. एएम५ चा प्रोसेसर घ्यायचा म्हटले असते तर मदरबोर्ड आणि डीडीआर५ मेमरीही नवी घ्यावी लागली असती. त्याचा खर्च सार्थकी लागला, हे मी मोकळ्या मनाने कबूल करतो. मात्र तोच प्रोसेसर ६० हर्ट्झच्या पडद्यामागे बसवला असता तर सेकंदाला ६० हून अधिक चित्रे त्या पडद्याने दाखवलीच नसती.

कोणी म्हणेल, उद्याचे खेळ याहून जड येतील, मग आजच तयारी केलेली काय वाईट? मी म्हणतो, ते खेळ येऊ द्यावेत आणि हीच परीक्षा तेव्हा पुन्हा घ्यावी. कदाचित तेव्हाही कार्डच मागे पडलेले आढळेल.

'आपण कलाशाखेचे, आपल्याला यंत्रातले काय कळणार?' असे म्हणून आपण दुकानदाराच्या शब्दावर विसंबतो. परंतु कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे तपासायला आपल्याला तर्कशास्त्राच्या तासाला शिकवतातच की! ते ज्ञान उत्तरपत्रिकेबाहेर एकदा वापरून पाहावे. माझे शिकवण्यांचे पैसे त्यामुळेच अजून बँकेत शिल्लक आहेत.