डोहाळजेवणाला कॉफीचा मळा

कॉफीप्रेमी भावी मातेच्या डोहाळजेवणाची सजावट कपबशीऐवजी कॉफीच्या झाडावर बेतावी. या झाडाची पाने हिरवीगार, फुले पांढरी, सुवासिक आणि पिकलेली फळे लालचुटूक. हिरवी साडी व फुलांचे दागिने तर असतातच. झोपाळ्याला पाने, जाईच्या माळा आणि लाल मण्यांचे सर बांधा. मागे गोणपाटाचा पडदा लावा.

भाजलेल्या कॉफीचा वास अनेक गर्भवतींना सोसत नाही. तिला आधी विचारा आणि बिया काचेच्या बंद बरणीतच ठेवा. गरोदरपणी दिवसाला २०० मिलिग्रॅमहून अधिक कॅफीन नको, असा वैद्यकीय सल्ला आहे. इन्स्टंट कॉफीच्या दोन मगांतच ते भरते. तेव्हा पाहुण्यांना पितळी पेल्यांतून फिल्टर कॉफी द्या. उत्सवमूर्तीच्या पेल्यात मात्र केशरी दूध!