करवंदाच्या जाळीची आठवण



या पानावर मी एरवी बेणे, लागण आणि खोडवा यांवरच लिहितो. आज जरा बांधावर येतो. निमित्त झाले मुलुंडचे.

आपल्या भागातल्या बऱ्याच घरांतले कोणी ना कोणी मुलुंड, घाटकोपर नाहीतर अंधेरीला असतेच. माझी थोरली बहीण मुलुंडला असते. मे महिन्यात तिच्याकडे गेलो होतो. सोसायटीच्या तारेलगत नर्सरीतून आणलेली शोभेची झाडे लावली होती, ती उन्हाने करपून गेली होती. दाजी म्हणाले, "पाव्हणं, तुम्ही शेतकीवाले, काय लावू ते सांगा." मी म्हटले, करवंद लावा. सगळे हसले. म्हणे ते जंगलातलं!

बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत जे राष्ट्रीय उद्यान पसरले आहे, त्या डोंगरात करवंदाच्या जाळ्या आपोआप वाढतात. पाड्यावरच्या बायका एप्रिल-मेमध्ये स्टेशनबाहेर पानाच्या द्रोणात हीच काळी मैना विकतात. सोसायटीतली मंडळी द्रोण विकत घेऊन खातात आणि बी कचऱ्यात टाकतात. फळ फोडून आतून लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी, हा खेळ तिथल्या नातवंडांना मीच शिकवला.

झाड म्हणून करवंदाला तोड नाही. बारा महिने हिरवे, पान चकचकीत, फेब्रुवारी-मार्चमध्ये जाईसारखी पांढरी सुवासिक फुले. मुरमाड जमीन चालते, एकदा धरले की पाणी मागत नाही. फक्त पाणी साचता कामा नये. इंग्लंडात हॉली नावाच्या काटेरी सदाहरित झाडाचे कुंपण करतात, नाताळात त्याच्या लाल फळांच्या डहाळ्या घरात लावतात. आपली हॉली ही, आणि हिचे फळ खाताही येते. कच्च्याचे लोणचे होते, पिकल्याची जेली. केकवर आणि पानात जी लाल 'चेरी' असते, ती पुष्कळदा साखरेच्या पाकात मुरवून रंगवलेले करवंदच असते. म्हणजे त्यात साखरही आपलीच!

आता माझी स्वतःची चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला मीच शिवारभर सांगत फिरलो, की बांधावरच्या जाळ्या काढा, उंदीर-घुशी राहतात, सावली पडते. आमच्या वडिलोपार्जित रानाची जाळी पहिल्यांदा काढली. आईने दोन दिवस तोंड फिरवले होते. दोन सऱ्या ऊस वाढला, हे खरे. पण उंदीर गेले नाहीत, बांध मात्र पावसाने ढासळू लागला, भटकी जनावरे आत येऊ लागली, आणि शेवटी सिमेंटचे खांब व तार विकत आणावी लागली. मोकळ्या राहिलेल्या कडेला घाणेरी माजली. ती परदेशातून आलेली, जनावराने खाल्ली तर विषबाधा होते. दोन सऱ्यांच्या उसात हा हिशेब बसत नाही.

तरी सगळे बांध करवंदाने भरा, असे मी म्हणणार नाही. जिथून तोडकरी मोळ्या काढतात, गाडी वळते, तिथे जोडकाटे त्रासाचेच. परसदार, विहिरीची कड, माळाकडची बाजू, इथे लावा. पिकलेल्या फळांचे बी धुऊन सावलीत सुकवा आणि लगेच पिशवीत टाका, ठेवलेले बी उगवत नाही. पुढच्या पावसाळ्यात दोन-दोन फुटांवर लावा. दाट होण्यास दोन-तीन पावसाळे लागतात, मग छाटणी करत जावी. छाटताना पांढरा चीक येतो, डोळे सांभाळा.

त्या द्रोणातल्या बियांच्या चाळीस पिशव्या अक्काच्या गच्चीत उभ्या आहेत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये अजून मंजुरी नाही. मुले खेळतात, काटे लागतील, अशी सेक्रेटरींची हरकत आहे. ती मला खोटी वाटत नाही. खेळण्याच्या बाजूला अडुळसा लावा, तोही सदाहरित आणि बिनकाट्याचा, आणि रस्त्याच्या अंगाला करवंद, असे मी दाजींना पत्राने कळवले आहे.

– ऊस विकास अधिकारी