सप्टेंबरचा पाऊस आणि उत्तरेचा समुद्र

लासलगावच्या परिसरात सप्टेंबर हा एकच महिना असा असतो, की ज्यात तिन्ही हंगामांचा कांदा एकाच वेळी पावसाच्या तोंडी असतो. खरिपाचा लाल कांदा शेतात पोसत असतो, रांगड्याचे रोप गादीवाफ्यावर असते आणि एप्रिल-मेमध्ये काढलेला उन्हाळ कांदा भावाची वाट पाहत चाळीत पडलेला असतो. या महिन्यात दोन-चार दिवस पावसाने झोडपले, की शेतातल्या पातीवर करपा येतो, रोपाची मर होते आणि चाळीतल्या दमट हवेत साठवलेला माल सडू लागतो. लासलगावातच भाभा अणुसंशोधन केंद्राचा ‘कृषक’ विकिरण प्रकल्प आहे. पण विकिरणाने कांद्याचे कोंब थांबतात, ओलाव्याने होणारी सड थांबत नाही. म्हणून आशियातील सर्वांत मोठी कांदा बाजारपेठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावाला जूनमधल्या पावसाच्या आगमनाइतकीच त्याच्या निरोपाचीही धास्ती असते.

या निरोपाच्या पावसाचा एक धागा थेट उत्तर ध्रुवाजवळच्या किनारी समुद्रापर्यंत जातो, असे म्हटले तर बाजार समितीच्या आवारात कोणी हसेल. पण ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी राहिलेली नाही. गोव्यात वास्को येथे असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी नॉर्वेतील सहकाऱ्यांबरोबर २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. रशियाच्या उत्तरेला असलेल्या उथळ कारा समुद्रात उन्हाळ्यातले बर्फ कमी असते, त्या वर्षी मध्य भारतात सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीच्या घटना वाढण्याकडे कल दिसतो, असे त्यांना उपग्रहांच्या चार दशकांच्या नोंदींत आढळले.

यामागचा तर्क असा. बर्फाचे पांढरे आवरण ऊन परत फेकते. ते गेले, की खालचे काळपट पाणी तेच ऊन शोषून घेते. तापलेले पाणी वरच्या हवेला उष्णता देते आणि वातावरणाच्या वरच्या थरांतील वाऱ्यांची मांडणी बदलते. वायव्य युरोपावर जास्त दाबाचे क्षेत्र तयार होते आणि या बदलाची लहर आशियाच्या दिशेने सरकत भारताच्या आकाशापर्यंत पोहोचते. तेथे वरची हवा फाकू लागली, की खालची हवा वर चढायला वाव मिळतो. त्याच वेळी अरबी समुद्र उबदार असेल तर बाष्पाला तोटा नसतो. ध्रुवाजवळचा समुद्र पाऊस पाठवत नाही. फार तर तो दार उघडतो, पाणी येते ते आपल्याच समुद्राचे.

येथे घाई करून चालणार नाही. अभ्यासकांनी स्वतःच या नात्याला ‘शक्य’ म्हटले आहे, सिद्ध म्हटलेले नाही. २०१९ चेच उदाहरण घ्या. त्या सप्टेंबरमध्ये देशात सरासरीच्या १५२ टक्के पाऊस झाला. १९१७ नंतर असा सप्टेंबर आला नव्हता. महिन्याच्या २९ तारखेला केंद्राने कांदा निर्यातबंदी केली, पुढे ऑक्टोबरअखेरच्या पावसाने उरलेसुरले पीकही झोडपले आणि वर्ष संपता संपता शहरांत किलोला शंभर रुपये मोजावे लागले. पण त्या वर्षी हिंदी महासागरातील द्विध्रुव कमालीचा प्रबळ होता आणि त्याचाही हात त्या पावसात होता. प्रत्येक ढगफुटीनंतर ‘आर्क्टिक वितळले’ म्हणून मोकळे होणे ही विज्ञानाची सेवा नव्हे. संबंध किती घट्ट आहे हे ठरवायला आणखी वर्षांच्या नोंदी लागतील, आणि नेमकी तीच गोष्ट महाग व कंटाळवाणी असते.

समुद्र बदलतो आहे, याबद्दल मात्र शंका नाही. १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे आणि तेथील सप्टेंबरमधील समुद्री बर्फ दर दशकाला साधारण १२ टक्क्यांनी घटले आहे. स्वालबार्ड बेटांवर, ७९ अंश उत्तरेला, काँग्सफ्योर्ड नावाची खाडी आहे. भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र २००८ पासून तिच्या काठावर आहे. पूर्वी ही खाडी हिवाळ्यात बहुतेक वर्षी गोठत असे. २००५-०६ च्या हिवाळ्यात अटलांटिकचे उबदार, खारट पाणी मोठ्या प्रमाणावर आत घुसले आणि त्यानंतर तिथले गोठणे बेभरवशाचे झाले. जुलै २०१४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी या खाडीत १९२ मीटर खोलीवर ‘इंडआर्क’ ही वेधयंत्रणा नांगरली. दोराला वेगवेगळ्या खोलीवर बांधलेले संवेदक तापमान, क्षारता आणि प्रवाह मोजत राहतात. काळोख्या हिवाळ्यात जिथे माणूस बोट घेऊन जाऊ शकत नाही, तिथेही मोजणी चालू राहते, हे तिचे खरे मोल.

क्षारतेचे महत्त्व चटकन लक्षात येत नाही. समुद्राचे पाणी गोठताना मीठ बाहेर टाकते; ते जड, खारट पाणी तळाशी जाते आणि महासागरांच्या खोल प्रवाहांना गती देते. बर्फ वितळून गोडे पाणी मिसळले, की वरचा थर हलका होतो आणि हे बुडणे मंदावते. अंटार्क्टिकातील रॉस समुद्राच्या नोंदी या बाबतीत बोलक्या आहेत. १९६० च्या दशकापासून तिथले पाणी हळूहळू कमी खारट होत गेले. मग २०१४ नंतरच्या काही वर्षांत क्षारता पुन्हा वाढली. केवळ पाच-सात वर्षांचीच मोजणी हाती असती, तर एखाद्याने नेमका उलटा निष्कर्ष काढला असता.

भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली होती. आज ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही दोन केंद्रे तिथे चालू आहेत, आर्क्टिक परिषदेत २०१३ पासून निरीक्षकाचा दर्जा आहे, २०२२ चे आर्क्टिक धोरणही आहे. परंतु बर्फ फोडत जाणारे स्वतःचे संशोधन जहाज नाही; मोहिमा भाड्याच्या जहाजांवर जातात. जहाज कोणत्या महिन्यात मिळेल यावर मोजणी ठरू लागली, की नोंदींत खिंडारे पडतात, आणि पडलेले खिंडार नंतर कितीही पैसा ओतून भरता येत नाही. झेंडा रोवल्याचे छायाचित्र एका दिवसात छापून येते. एकाच जागी वीस वर्षे थर्मामीटर बुडवून ठेवण्याला ना टाळ्या मिळतात, ना सहज निधी.

दुसरी उणीव घराजवळची आहे. हवामान विभाग सप्टेंबरचा मासिक अंदाज ऑगस्टच्या अखेरीस देतो. तोवर निफाड तालुक्यातील बहुतेक शेतकऱ्यांनी रांगड्याचे बी टाकलेले असते. उन्हाळ कांदा आता विकायचा की आणखी महिनाभर चाळीत ठेवायचा, याचाही हिशेब मांडून झालेला असतो. कारा समुद्रातील उन्हाळी बर्फाचा आकडा उपग्रहांकडून रोज मिळतो. तो विचारात घेतल्याने सप्टेंबरच्या अंदाजात काही सुधारणा होते का, हे मागच्या चाळीस वर्षांच्या नोंदींवर तपासून पाहायला नवे जहाज लागत नाही. वास्कोचे ध्रुवीय केंद्र आणि हवामान विभाग एकाच मंत्रालयाखाली काम करतात. ही तपासणी करून तिचा निकाल, तो नकारात्मक आला तरी, जाहीर करावा. सुधारणा दिसली तर जिल्हावार सूचना १५ ऑगस्टच्या सुमारास द्यावी, म्हणजे चाळ रिकामी करायला हातात दोन आठवडे उरतील.