पायऱ्या आहेत, उतार हवा

मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज, सिदनाळ-अक्कोळ, जत्राट-भिवशी. पावसाळा भरात आला की निपाणी-चिकोडी भागातील वेदगंगा-दूधगंगेवरच्या या सखल पुलांची नावे बातमीत येतात आणि 'पाण्याखाली' या एका शब्दात बातमी संपते. किनारपट्टीवरील वाचकाला तिची झळ बेळगावची भाजी महागली तरच लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये निपाणीजवळच्या यमगर्णी येथे वेदगंगेने पुणे-बंगळूर महामार्गच अडविला, तेव्हा कोठे या नद्यांकडे साऱ्यांचे लक्ष गेले. मग अलमट्टीची उंची, धरणांतील विसर्ग आणि हवामानाचे अंदाज यांवर वाद झडले. ते वाद आवश्यकच आहेत. परंतु गावाला पाण्याचा वेढा पडल्यावर पहिला प्रश्न याहून पुष्कळ साधा असतो: नाव पाण्यात कोठून सोडायची?

हा प्रश्न क्षुल्लक वाटणाऱ्यांनी ब्रह्मनाळ आठवावे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील त्या गावात पूरग्रस्तांना नेणारी नाव उलटली आणि १७ जणांचा बळी गेला. क्षमतेहून अधिक माणसे नावेत बसली, असे त्या वेळी सर्वत्र बोलले गेले. माणसे अशी का बसतात, याचा विचार मात्र फारसा झाला नाही. एकच नाव आहे, ती उशिरा आली आहे आणि पुन्हा येईल याचा भरवसा नाही, असे दिसले की कोणता बाप आपल्या लेकराला मागे ठेवील? नावांची संख्या आणि त्या वेळेवर पाण्यात उतरण्याची सोय यांवरच काठावरील माणसांचा धीर अवलंबून असतो.

गोदामातील नाव म्हणजे नाव नव्हे. हवा भरलेली रबरी नाव पाचसहा माणसे उचलून नेतील. परंतु इंजिन बसविलेली फायबरची नाव ट्रेलरवरूनच न्यावी लागते. आमच्या किनाऱ्यावर रापणकरांनी पिढ्यान्पिढ्या ओंडक्यांवरून होड्या वाळूत ओढल्या. दिवाडी आणि चोडणच्या धक्क्यांवर फेरीबोट उतरत्या काठाला टेकते आणि वाहने अलगद वर येतात. पाण्याशी व्यवहार करावयाचा तर काठाला उतार हवा, हे आम्हाला कोणी शिकवावे लागत नाही. घाटमाथ्यापलीकडच्या नद्यांचे काठ निराळे. तेथे दरड उंच, काळी माती निसरडी आणि जेथे काठ बांधला आहे तेथे बहुधा पायऱ्या. नरसोबाच्या वाडीला आपण जातो, तेथील घाट पाहून मन प्रसन्न होते. पण पायऱ्या माणसाला पाण्यापर्यंत नेतात, नावेला नेत नाहीत.

उतार बांधणे हे काही अवघड शास्त्र नव्हे. शंभर फुटांत बारा ते पंधरा फुटांची घसरण असली म्हणजे पुरते. त्याहून कमी असेल तर नाव तरंगण्याआधी वाहनच पाण्यात शिरते. अधिक असेल तर रिकामा ट्रेलरसुद्धा वर ओढवत नाही. काँक्रीटवर आडव्या खाचा हव्यात आणि शेवाळ वरचेवर खरवडले पाहिजे. अवघड आहे तो सराव. ट्रेलर मागे घेताना चालकाचे चाक नेहमीच्या उलट फिरवावे लागते. नावेच्या तळाचे बूच बसविले आहे ना, हे आधी पाहावे. चालकाखेरीज सर्वांनी खाली उतरावे, वाहनाच्या चाकांना लाकडाची अडण द्यावी आणि नावेचा दोर काठावरील माणसाच्या हाती आल्यावाचून शेवटचा पट्टा सोडू नये. भर पुरात, रात्रीच्या अंधारात हे कोणी प्रथमच करू लागला, तर नावेआधी जीपच वाहून जायची.

येथेच घरच्या वाहनाचे महत्त्व आहे. तालुक्याच्या ठिकाणची नाव रस्ता बंद झाल्यावर गावात पोहोचणार कशी? सीमाभागातील गावांत जीप, पिकअप, ट्रॅक्टर दारोदार आहेत. नाव आणि ट्रेलर गावातच असतील, तर वाहन व चालक गावच देईल. जागाही नव्याने शोधावयास नको. सखल पुलांकडे उतरत जाणारे रस्ते हे मुळात उतारच आहेत. मात्र मुख्य प्रवाहाच्या तोंडाशी नाव सोडणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण. पुराचे पाणी जेथे संथ पसरते, तेथील रस्त्याची जागा हेरून वाहन वळविण्यापुरती रुंदी, दोर बांधण्यास भक्कम खांब, पाण्याची खोली दाखविणारी खूण आणि दिवा एवढे केले तरी मोठे काम होईल. हाच उतार भाद्रपदात गणपतीच्या विसर्जनालाही उपयोगी पडेल.

यात एक अडचण सीमेची आहे. दूधगंगेच्या एका काठावर मलिकवाड कर्नाटकात, तर दुसऱ्या काठावर दत्तवाड महाराष्ट्रात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने झालेल्या अन्यायाचे परिमार्जन झाले पाहिजे, ही सीमावासीयांची मागणी आम्ही न्याय्य मानतो. १९६७ च्या महाजन अहवालानेदेखील निपाणी महाराष्ट्राला द्यावी असे म्हटले. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावाही दाखल केला. तो निकाल लागेल तेव्हा लागेल. पण पूर न्यायालयाच्या तारखा पाहून येत नाही. नावेला दोन्ही काठ लागतात. एका राज्याने उतार बांधला आणि दुसऱ्याने चिखल ठेवला, तर नाव टेकणार कोठे? बेळगाव आणि कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी एकत्र बसून दोन्ही काठांच्या जागा ठरवाव्यात. त्यासाठी कोणाच्याही दाव्याला बाध येत नाही.

पंचनामे आणि सानुग्रह अनुदान ही पुरानंतरची कर्तव्ये आहेत. पुराआधीचे कर्तव्य वैशाखात करावयाचे असते. नद्या क्षीण असतात, काठ उघडा असतो आणि काँक्रीट पक्के व्हायला वेळ मिळतो. त्या दिवसांत उतार बांधावा आणि मृगाआधी प्रत्येक गावाने आपली नाव आपल्याच वाहनाने एकदा तरी पाण्यात सोडून परत वर आणावी. हे ज्या गावाने केले नाही, तेथे नाव असूनही ती नाही असेच समजावे लागेल.