डब्यातली सरमिसळ

बालमित्रांनो, तुमच्या घरी ब्लॉक्सचा डबा आहे ना? त्यात काय असेल, सांगू? वाढदिवसाला मिळालेली अर्धी गाडी, मामेभावाने मोठा झाल्यावर देऊन टाकलेलं अर्धं घर, जत्रेतल्या स्वस्त सेटचे चार तुकडे आणि तळाशी एक खोडरबर नि दोन शेंगदाणे! असा डबा बघितला की मोठी माणसं म्हणतात, "सेट मोडला, आता काय उपयोग?" पण खरी गंमत इथूनच सुरू होते, बरं का!

आधी ओळखपरेड. डबा जुन्या चादरीवर पालथा करा. ब्लॉकच्या वरच्या गोल बटणांकडे नीट बघा. डेन्मार्कच्या लेगो कंपनीचा ब्लॉक असेल, तर बटणावर तिचं नाव बारीक अक्षरांत उठवलेलं दिसेल. आता कंपासपेटीतली पट्टी घ्या. आठ बटणांचा, म्हणजे चार-चारच्या दोन रांगांचा लेगो ब्लॉक सुमारे ३२ मिलिमीटर लांब आणि १६ मिलिमीटर रुंद भरतो. बटणं सोडून उंची ९.६ मिलिमीटर. चपटा तुकडा ३.२ मिलिमीटर उंच. म्हणजे तीन चपटे तुकडे एकावर एक ठेवले की झाली एका ब्लॉकची उंची! या ब्लॉकचं पेटंट १९५८ सालचं. तेव्हापासून माप तेच, म्हणून आजोबांच्या काळातला ब्लॉकही आजच्या ब्लॉकवर बसतो. लहान मुलांसाठीचा डुप्लो ब्लॉक लांबी, रुंदी, उंची तिन्हींत बरोबर दुप्पट, पण आठ बटणांचा साधा ब्लॉक त्यावरही बसतो.

सगळ्याच कंपन्या मात्र हे माप पाळत नाहीत. मी तुमच्याएवढा असताना दोन वेगळ्या सेटचे ब्लॉक्स जुळेनात, म्हणून सरळ वरवंट्याने ठोकले. एक तडकला. तो होता धाकट्या बहिणीच्या घराच्या दारावरचा. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही आणि ते घर पुन्हा पूर्ण झालंच नाही. तेव्हापासून माझे दोन नियम आहेत. बोटांनी बसत नाही, तो ब्लॉक वेगळ्या पिशवीत. आणि दुसऱ्याचा सेट आपल्यात मिसळायचा, तर आधी त्याला विचारायचं.

आता वर्गवारी. तुम्ही म्हणाल, "सोपं आहे, लाल एकीकडे, निळे एकीकडे!" तिथेच फसाल. लाल ढिगात बारकासा लाल तुकडा शोधून बघा, डोळे दुखतील. त्याऐवजी आकारानुसार लावा. आठ बटणांचे एकत्र, चपटे एकत्र, चाकं एकत्र. मग त्यातला लाल तुकडा आपोआप नजरेत भरतो. मिठाईचे रिकामे खोके यासाठी झकास!

आणि जोडणी? आठ बटणांचे, एकाच रंगाचे फक्त दोन ब्लॉक घ्या. वरचा ब्लॉक खालच्याला समांतर ठेवला, तर तो २१ जागी बसतो. आडवा ठेवला तर २५ जागी. एकूण ४६. पण जोडी अर्धी फिरवून बघा. ४४ रचनांमध्ये एक फिरवली की दुसरी मिळते, म्हणजे खऱ्या रचना २२. उरलेल्या दोन फिरवल्या तरी तशाच दिसतात. २२ आणि २ मिळून २४. असेच सहा ब्लॉक घेतले तर किती? ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५! सेटबरोबरच्या कागदावर दाखवलेली असते त्यातली एखादीच. मग सांगा, सेट मोडला की वाढला?

आईबाबांसाठी दोन शब्द : घरात रांगतं बाळ असेल तर बारीक तुकडे उंच कपाटात ठेवा, ते तोंडात जायला वेळ लागत नाही. जुने ब्लॉक्स कोमट पाण्यात हातानेच धुवा, पाणी ४० अंशांपेक्षा गरम नको. आणि वाळवा सावलीत.

आता तुमचं काम. फिरवल्या तरी बदलत नाहीत, त्या दोन रचना कोणत्या? शोधा बघू! उत्तर पुढच्या अंकात.